लिंकरचा पुकारा

पोळ्याच्या आदल्या दिवशी साक्रीच्या अर्जलेखकांच्या फ्लॉपीतून प्रिंटरची फाइल गेली. जबाबदार, जागा करण्यासाठी ती पुसणारे अर्जलेखक. गणेशविसर्जनानंतरच्या बाजारी माझ्या प्रोग्रॅमची चारचौघांत नालस्ती झाली; जबाबदार, जळगावचे संगणक-विक्रेते. त्यापुढचे सहा दिवस वाया गेले. जबाबदार, मी स्वतः.

धुळ्याच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी सी भाषा शिकलो आणि मराठी अर्ज छापणारा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळा प्लगइन, म्हणजे त्या प्रिंटरपुरता जोड-तुकडा, त्याची वेगळी फाइल. ती हरवली की छपाई बंद. म्हणून सगळे प्लगइन मूळ प्रोग्रॅमलाच कायमचे जोडून एकच फाइल द्यावी, असे मी ठरवले. त्यावर विक्रेते भर बाजारात म्हणाले, "नाना, हे कोर्टाचं दप्तर नाही. प्लगइन असा पोटात घेता येत नसतो!" अर्जलेखकांनी मला पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली. तोवर जमले नाही, तर विक्रेत्यांचा प्रोग्रॅम बसणार होता.

मी मेकफाइल, म्हणजे तुकडे कसे जोडायचे त्या सूचनांची फाइल, लिहिली. प्लगइन कंपाइल होऊन, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरून, लायब्ररी नावाच्या एका गठ्ठ्यात जात, सगळे तुकडे जोडणारा लिंकर एकही चूक दाखवीत नसे, आणि पडद्यावर प्रिंटरची यादी मात्र कोरी!

सहाव्या दिवशी एका नकलेसाठी न्यायालयात गेलो. एक साक्षीदार सकाळपासून बाहेर बाकावर बसून होता. पट्टेवाल्याने त्याचा पुकारा केला नाही, म्हणून त्याची साक्ष झाली नाही. मी नक्कल न घेताच घरी परतलो. लायब्ररीत बसलेल्यांपैकी मूळ प्रोग्रॅम ज्याचे नाव घेतो, त्यालाच लिंकर आत घेतो. माझे प्लगइन आत आल्यावर पडद्यावरच्या यादीत आपली नोंद आपणच करणार होते. पण त्यांना बोलावले कोणी होते? मेकफाइलमध्ये सर्वांची नावे एका यादीत घातली आणि त्या यादीतूनच प्रत्येकाचे नाव घेणारी एक छोटी फाइल तयार होईल, अशी तजवीज केली. पडद्यावरची यादी भरली!

बाजारी अर्जलेखकांनी फ्लॉपी पाहिली. "नाना, एकच फाइल शे? बाकीन्या कोठे शेतस?"

"छापा."

प्रिंटर करकरला. अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ उमटला. शेजारच्या दुकानातला दुसऱ्या जातीचा प्रिंटर लावला, तोही चालला.

"आते पुसाले काहीच नही, नाना!" अर्जलेखक हसत म्हणाले.

त्याच दुपारी मी विक्रेत्यांना रजिस्टर पत्र धाडले. पोचपावती माझ्यापाशी आहे, उत्तर नाही. म्हणून येथे विक्रेत्यांना जाहीरपणे विचारतो: जे होत नसते असे आपण भर बाजारात सांगितले, ते झाले की नाही? उत्तर खासगीत नको. त्याच बाजारात, चारचौघांसमक्ष द्यावे.