कुंकवाचं बोट

आबांनी मोबाईल घेतला तेव्हा जळगावात तो मोजक्याच लोकांकडे होता. आबा म्हणजे माझे वडील. ते सावद्याची केळी ट्रकने बाहेर पाठवायचे आणि भाव कळल्याशिवाय घड कापायला माणसं लावता येत नसत, म्हणून फोन. त्यासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक वाचणारी आमच्या मेहरूण भागातल्या घरात मी एकटीच होते. "आता तू माही सेक्रेटरी," आबा म्हणाले. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात जपलं.

त्याच वर्षी सावद्याची चुलत बहीण कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. मी पाहुण्यांना पाणी देऊन आत पळायचे, ती त्यांच्यातच बसायची. तिच्या बोलण्यावर आबा पोट धरून हसत. माझ्याशी मात्र जपून बोलत, जणू मी त्यांचा पेपर तपासणार होते.

दोन महिन्यांत फोन बोलता बोलता बंद पडू लागला आणि एक दिवस कायमचा मेला. दुकानदाराने हात वर केले. मग मी कंपनीला इंग्रजीत दोन पानी तक्रार लिहिली. नवरात्राच्या पहिल्या माळेला ती रजिस्टर पोस्टाने गेली. बहीण म्हणाली, "बाई गं, एवढ्या इंग्रजीला घाबरून तरी फोन सुरू होईल!" आबा हसले. मी नाही हसले.

दसऱ्याला आबांनी ट्रकच्या किल्ल्या, तराजू, केळी कापायचे विळे पूजेला मांडले आणि शेजारी तो बंद फोनही ठेवला. "मेला म्हणून काय झालं? धंद्याचाच ना!" मला म्हणाले, "याले तू लाव." मी कुंकवाचं ओलं बोट लावलं. ते जास्तच ओलं होतं. एक ओघळ बटणांच्या फटीत उतरला.

कंपनीने दाद दिली नाही, म्हणून आबा ग्राहक मंचात गेले. कागद सगळे मी तयार केले होते. सुनावणीला आम्ही तिघं गेलो. आम्ही मंचात जमा केलेला फोन कंपनीच्या वकिलाने उघडून दाखवला. आत लाल डाग होता.

"यात कुंकू-पाणी घातलंय, साहेब. बिघाड ग्राहकाने केला आहे. विचारा, कोणी लावलं?"

अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. उत्तर मला ठाऊक होतं. पोस्टाची पावती माझ्याच फाईलमध्ये होती. नुसतं उभं राहायचं होतं. आबांनी माझ्याकडे बघितलं, वाट पाहिली. मी मांडीवरच्या फाईलची दोरी सोडत-बांधत बसले.

"मी लावलं, साहेब," बहीण उठली. माझ्या मांडीवरची फाईल तिने सरळ उचलली. "पण दसऱ्याला. फोन मेला त्याच्या आधीच. ही पहिल्या माळेची पावती. मेलेल्याला कुंकू लावलं म्हणून तो पुन्हा मरतो का?"

अध्यक्षसुद्धा हसले. पुढच्या तारखेला निकाल लागला: कंपनीने नवा फोन द्यावा.

सुनावणीच्या दिवशी बाहेर आल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "तू उठत नव्हतीस म्हणून बोलले गं." मी "थँक यू" म्हटलं. घरात आम्ही परक्यांनाच थँक यू म्हणायचो. तिला ते कळलं असावं. ती पुढे चालू लागली. तिने मला वाचवलं होतं, हे मला समजत होतं. पण पत्र माझं, पावती माझी, चूकसुद्धा माझीच, आणि तीही तिच्या नावावर गेली होती. फोन बिघडवलाच असेल तर तो मी बिघडवला होता, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं.

पुढच्या दसऱ्याला नवा फोन पूजेला मांडला. आबांनी कुंकवाची वाटी तिच्यापुढे केली. "याले हिच्याच हाताचं लागते. हिनंच तर केस जिंकली!"

तिने माझ्याकडे पाहिलं. "आबा, मागच्या वेळी—"

"लाव," मी म्हटलं. "फक्त कोरडं लाव."

आणि ताट धरून उभी राहिले.