दिल्लीचं मामंजी

सगळं एकदम सांगावंसं वाटतंय, पण आधी एवढं सांगते की माझ्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, नाव आणि त्या वेळच्या पंतप्रधानांचं नाव एकच होतं.

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पुण्यात टायपिंगच्या क्लासला माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या मुलीलाही तसंच वाटलं. पण आमच्याकडं, पौडाच्या वरच्या अंगाला, बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही आणि सून सासऱ्याचं घेत नाही. दुसऱ्या कुणाचं तेच नाव असलं तरी नाही. खालच्या आळीत त्या नावाचा एक पोरगा होता. आई त्याला हाक मारायची, "ए, ह्यांच्या नावाच्या, शेरडं आवर!"

मग पंतप्रधानांचं काय करायचं? चावडीत ग्रामपंचायतीचा रेडिओ होता. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बातम्या ऐकून यायचा आणि वैनी भाकरी थापता थापता त्याला विचारायची, "आज दिल्लीचं मामंजी काय म्हनलं?"

घरातले मामंजी म्हणजे आबा, आणि त्यांच्याच नावाचे दिल्लीतले ते दिल्लीचं मामंजी! दादा हसून हसून लोळायचा. त्यानं ते चहाच्या हॉटेलात सांगितलं आणि आठ दिवसांत सगळं गाव तेच म्हणायला लागलं. आबा पारावरून जायला लागले की म्हातारे ओरडायचे, "काय पावनं, दिल्लीची खुर्ची सोडून हिकडं कुटं?"

आबा म्हणायचे, "तितं तंबाकू मिळंना, म्हनून आलो."

एकदा वाट मोकळी झाल्यावर बाकीच्यांनाही नावं पडली. अन्नखात्याच्या मंत्र्याला 'रिकामी कणगी'. रेडिओवर तासभर बोलून काहीच न सांगणाऱ्याला 'रहाट'. सारखा पक्ष बदलणाऱ्याला 'भोवरा'. बरीचशी वैनीचीच. खरं तर तिच्या तोंडी सासऱ्याचं आणि नवऱ्याचं सोडून बाकी सगळी नावं चालत होती, पण तिला सवयच लागली होती.

आमच्या गावात हे नवं नव्हतं हं. हॉटेलवाल्या आप्पांचा बाप सांगायचा की गोऱ्याच्या राज्यात धरणाच्या भांडणाच्या वेळी ते पुढाऱ्यांना मुद्दाम दुसऱ्याच नावांनी बोलवायचे. 'मामा उद्या येतोय' म्हटलं की कुठला पुढारी ते गावाला कळायचं, पोलिसाच्या माणसाला कळायचं नाही. तेव्हा वहीवाले यायचे, कोण काय बोलतं ते लिहायचे. मग साखळीवाले आले, जमिनी मोजल्या, आणि त्या धरणाच्या पाण्याखाली गेल्या. त्यामुळे आमच्याकडं विंचू निघाला तर चालतो, वहीवाला नको.

आणि असा एक वहीवाला आला! भाद्रपदात, एसटीनं. पांढरा शर्ट, काळी छत्री, काखेत वही. मास्तरांकडं उतरला. दोन दिवस आप्पांच्या हॉटेलात नुसता बसून. चहा प्यायचा कमी, ऐकायचा जास्त. तिथं सोनकीची फुलं बघायला तर नक्कीच आला नव्हता.

मी सातवी पास झाले होते, वय पंधरा, आणि मला सगळ्यांचाच संशय यायचा. दूध घालायला जायचं निमित्त करून मी दारातच थांबले. त्यानं विचारलं, "दिल्लीचं मामंजी म्हणतात ते कोण हो? आणि हे नाव ठेवलं कुणी?"

आप्पा गाळणं पिळत म्हणाले, "वाऱ्यानं ठिवलं."

"म्हणजे?"

"म्हंजी वारा आला आन् ठिवून गेला. आनखी येक कप देऊ का?"

तो हसला. मग हात धुवायला मागं गेला आणि वही बाकावर राहिली. मी पाहिली. पाहायला नको होती, पण पाहिली! शाईनं लिहिलं होतं: 'रिकामी कणगी. रहाट. दिल्लीचं मामंजी. सगळी एकाच घरातून? कोणाची सून?'

शेतातनं तशीच पळत घरी.

तेव्हा आमच्या गावात बालवाडी निघणार होती आणि तिथं शिकवायला गावातलीच बाई पाहिजे होती. वैनी चौथीनंतर शाळेतून काढलेली. लग्न झाल्यावर माझ्या शेजारी बसून, चुलीच्या उजेडात शिकून, माझ्याबरोबरच सातवी झाली. तिनं अर्ज केला होता. आई नको म्हणत होती. आबांनी पंधरा दिवस विचार केला आणि एवढंच म्हणाले, "येकदा बसू दे तिला. न्हाई जमलं तर परत ह्यो इषय घरात काडायचा न्हाई."

म्हणजे एकदाच. आणि मी वही पाहिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत तोंडी परीक्षा होती.

"वैनी, त्यो सीआयडी हाय," मी म्हटलं. "सरकारला नावं ठिवल्यावर कुनी नोकरी देतंय व्हय? उद्या कुनी कायबी इचारू द्या, मामंजीचं नाव काडू नगा. कणगी न्हाई, रहाट न्हाई, कायच न्हाई!"

"बरं वन्सं," ती म्हणाली.

सकाळी शाळेत गेलो तर मास्तरांच्या खुर्चीवर कोण बसलेलं? तोच! तालुक्याहून परीक्षा घ्यायला पाठवलेला माणूस तोच होता. मला वाटलं, झालं. आधी ऐकून घेतलं, आता पकडणार.

एका बाजूला गावचे पंच, त्यात आबा; मागं बघायला आलेली माणसं, त्यात आप्पा. समोर वैनी आणि पलीकडच्या वस्तीवरची एक बाई. त्या बाईनं घडाघडा उत्तरं दिली. मग तो वैनीकडं वळला. सोप्यातला सोपा प्रश्न. "देशाचे पंतप्रधान कोण?"

वैनीनं आबांच्या पायांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"माहीत नाही?"

"ठावं हाय."

"मग सांगा."

"सांगता येत न्हाई."

पलीकडच्या वस्तीची माणसं हसली. त्यानं वही उघडली. "गावात तुम्ही त्यांना काहीतरी म्हणता म्हणे?"

वैनीनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, मूर्ख, मान हलवली. नाही!

"काय म्हनत न्हाई," वैनी म्हणाली.

त्यानं वहीत लिहिलं. माझ्यामुळं. ती नुसतं 'मामंजी' म्हणाली असती तरी सगळ्यांना कळलं असतं, पण तेवढंही मीच बंद केलं होतं. मास्तर सांगायला उठले, त्यानं हातानंच त्यांना बसवलं.

तेवढ्यात वैनी उठली. पोरांच्या पाट्यांच्या ढिगातून एक पाटी घेतली, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली. पूर्ण नाव, आडनावासकट, एकही चूक नाही.

एक पंच म्हणाला, "लिवलं म्हंजी घेतलंच की!"

आप्पा म्हणाले, "तोंडानं कुटं घेतलं? हाताला सासरा नसतूय."

"बरोबर आहे," परीक्षक म्हणाला. "आता पुसा, आणि मी सांगतो ते गणित लिहा."

वैनी हलेना. पुसणार कशी? सासऱ्याचं नाव, सासऱ्यासमोर, स्वतःच्या हातानं? थुंकी लावून? पदरानं? ती पाटी छातीशी धरून उभी राहिली.

"दुसरी पाटी द्या," ती म्हणाली.

आता त्याचा आवाज चढला. "बाई, एका नावाला एक पाटी? मग पोरांना कशावर शिकवणार?"

पुढचं आधीच सांगून टाकते, नाहीतर मला दम निघणार नाही. नोकरी वैनीला मिळाली. आणि नंतर त्या माणसानं सांगितलं की बाईनं काढलेला शब्द अख्खं गाव बोलतं, तर ती बाई कोण ते त्याला शोधायचं होतं, पोरांना अशीच बाई लागते. मास्तरांनी विश्वास ठेवला. मी अर्धाच ठेवलाय. नावं एवढी आवडली होती, तर आप्पांच्या तोंडावर सांगायचं ना!

पण तेव्हा काहीच ठरलं नव्हतं. त्यानं पेनाला टोपण लावलं होतं. पलीकडच्या वस्तीची माणसं उठायच्या बेतात होती.

आबा उठले. वर्गाच्या मधून चालत गेले. वैनीनं पदर पुढं ओढला. त्यांनी तिच्या हातातली पाटी घेतली, खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक कोपऱ्यातल्या माठात बुडवलं, आणि स्वतःचं नाव सावकाश, कोपऱ्यापर्यंत पुसलं. काना, मात्रा, सगळं. मग फुंकर मारून वाळवली आणि परत दिली.

"लिव आता," ते म्हणाले. "कायबी लिव."

आणि जागेवर जाऊन बसले. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वैनीनं गणित सोडवलं. मग जिल्हा, मग नदी. शेवटी त्यानं विचारलं, "अन्नमंत्री कोण?"

ते नाव आमच्या भावकीत कुणाचंच नव्हतं. वैनीनं ते एवढ्या मोठ्यानं सांगितलं की बाहेरच्या एसटीचा कंडक्टर खिडकीतून आत बघायला लागला.