जाऊबाईंच्या हातातल्या माझ्या बांगड्या

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट कळलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, आणि नंतर लिहिण्याचं काम पडलं नाही. हे कुणी वाचणार नाही, मग माफी कुणाची मागते आहे तेही माहीत नाही. पण एक गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही, आणि तोंडाने सांगायला कधी जमलं नाही, म्हणून लिहून बघते.

लग्न होऊन मी पिंपरीजवळच्या गावात आले तेव्हा घरात सासूबाई, माझे मालक आणि थोरल्या जाऊबाई होत्या. सासरे आधीच वारले होते. थोरले दीर पलटणीत होते, ते काश्मीरच्या लढाईत गेले. तार आली तेव्हा जाऊबाईंच्या बांगड्या वाढवल्या, त्यानंतर त्यांचे हात तसेच राहिले. वयाने त्या माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. हसायच्याही पुष्कळ. फक्त सासूबाई आल्या की हसू आवरायच्या.

मग मालकांना छातीचं दुखणं झालं. दवाखान्यात कितीतरी महिने गेले, ऑपरेशन झालं. सगळा खर्च सासूबाईंच्या थोरल्या भावाने, म्हणजे मालकांच्या मामांनी केला. त्यांची चाकणला कांद्याची अडत होती. पैसे उसने दिले, व्याज लावलं नाही. पण आमच्या घरात काय शिजतं, कोण कुठे जातं, हे विचारायचा हक्क त्यांना आपोआप मिळाला. मालक बरे होऊन आले, तरी औताला हात लावायची ताकद राहिली नव्हती.

त्याच सुमारास औषधाचा नवा कारखाना सुरू झाला. औषधाच्या बाटल्या भरायला बायका घेतात असं कळलं. निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी बायका जाऊ लागल्या होत्या, आमच्या गावातली एकही जात नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, मी जाते.  दोन दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, एकटी जायची नाही, धाकटीला सोबत ने, आणि दादाचे पैसे फिटेपर्यंतच. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं ते मलाही ठाऊक नाही.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आत जायच्या आधी हातपाय धुवायचे, पांढरा कोट घालायचा, डोक्याला फडकं, तोंडाला पट्टी. कुंकू पुसायचं आणि बांगड्या काढायच्या. औषधात कचरा पडायला नको म्हणून तसा नियमच होता. माझ्या बांगड्या कासाराने घट्ट भरलेल्या, त्या निघेनात. तिथली बाई म्हणाली, फोडून टाक. मी रडायलाच लागले. मालक नुकते दुखण्यातून उठलेले आणि मी आपल्या हाताने बांगड्या फोडायच्या? जाऊबाईंनी साबण घेतला, माझा हात मांडीवर ठेवला आणि एकेक बांगडी सोडवत काढली. "आगं, रडती कशाला. एकबी वाढली न्हाई, मोज," म्हणाल्या.

आत गेल्यावर सगळ्या सारख्याच दिसत. एकदा शेजारच्या सिंधी बाईने मला विचारलं, तुम दोनों में विधवा कौन है? मी जाऊबाईंकडे बोट करायला गेले आणि बोट उचललंच नाही. का ते सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला कासार गावात आला तेव्हा मी सैल बांगड्या मागितल्या. तो म्हणाला, वहिनी, ह्या तर नदीवर धुणं धुताना वाहून जातील. शेजारणी हसल्या. पुढे गावातल्या आणखी दोघी कामाला लागल्या, त्यांनीही तशाच भरल्या. त्यांना लोक कंपनीच्या बांगड्या म्हणू लागले. कुणाच्या हातात त्या खळखळल्या की म्हातारे मान फिरवायचे.

एक दिवस बाटल्यांचा गरम ट्रे उचलताना माझी दोन्ही मनगटं भाजली. चूक माझीच, फडकं न घेता हात घातला. मलम लावून दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. सुटी झाल्यावर बांगड्या घालता येईनात. डब्यात ठेवल्या तर फुटतील, म्हणून जाऊबाईंनी त्या आपल्या हातात घातल्या. सैल होत्या, सहज गेल्या. रस्त्याने मला धरून त्या चालत होत्या आणि बांगड्या वाजत होत्या. गाव जवळ आल्यावर मी म्हटलं, बाई, द्या आता, पदरात बांधते. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. फुटतील."

पाणवठ्यावरच्या बायकांनी पाहिलं. घरी आल्या आल्या जाऊबाईंनी बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या. त्यांनी मुद्दाम केलं की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. फुटतील हे खरंच होतं. पण गाव येईपर्यंत त्या नेहमीपेक्षा सावकाश चालत होत्या, हेही खरं. माझे हात दुखत होते म्हणून असेल.

बाजाराच्या दिवशी ही गोष्ट चाकणला पोचली. मामा आले ते ओट्यावर बसलेच नाहीत, उभ्यानेच बोलले. विधवा सून बांगड्या घालून भर रस्त्यानं हिंडते, उद्या कुंकू लावील, परवा कुणाचा तरी हात धरील, मग तोंड कुठं लपवशील, असं सगळं सासूबाईंना सुनावलं. मालक खाली मान घालून बसले. बांगड्या माझ्या होत्या, हे सांगायला मी दारापर्यंत गेले. पण मामांना बघून उंबऱ्यावरूनच परत फिरले. जाऊबाई आत पीठ मळत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तुझं पैसं फिटंपतूर जाऊ दे, दादा. फिटलं की बसवते घरी."

मामांना पैसे हवेच होते. ते गेले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना जाऊबाई म्हणाल्या, "मी देवाला तुझ्या मामासासऱ्यांचं औक्ष मागते बग. आन त्यांच्या पैशाचंबी." आम्ही दोघी हसलो. पण मग मला काही सुचेना. पैसे फिटावेत असं मला वाटायला हवं होतं, माझ्याच नवऱ्याच्या दुखण्याचे ते पैसे होते. आणि फिटले की जाऊबाई चुलीपुढे बसणार आणि त्यांच्याशिवाय मला कारखान्याच्या दारातून आत जायचा धीर नव्हता. पगाराच्या दिवशी नोटा सासूबाईंच्या हातात ठेवताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. कुणाची चोरी, ते कळायचं नाही. सासूबाई पैसे डब्यात टाकायच्या आणि जाऊबाईंकडे बघायच्या नाहीत.

शेवटचा हप्ता द्यायचा दिवस आला. मामा ओट्यावर बसले. सासूबाईंनी नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या. मी दाराआड होते. जाऊबाई आत सूप घेऊन दाणे पाखडत होत्या. मामांनी अंगठ्याला थुंकी लावून पैसे मोजले आणि म्हणाले, "फिटलं. आता बोलल्यापरमानं कर."

सासूबाई म्हणाल्या, "तुझं पैसं व्हतं तवर तुला बोलायचा हक्क व्हता. ते ह्ये बग, दिलं."

"म्हंजी?"

"म्हंजी माझ्या घरातलं आता मी बगंन."

मला वाटलं, आता त्या स्वतःच नको म्हणतील. त्यांचेही हात सासरे गेल्यापासून मोकळेच होते, गावात त्यांनाही तोंड दाखवायचं होतं. त्यांनी हे आधीपासून ठरवलं होतं की त्याच घटकेला सुचलं, मला आजही सांगता येत नाही. आत वळून त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "सकाळचा भोंगा हाय न्हवं तुमचा? मग भाकरी आत्ताच थापून ठिव. आन दादाला च्या टाक."

सुपाचा आवाज थांबला.  मामांनी नोटा पुन्हा मांडीवर पसरल्या आणि पहिल्यापासून मोजायला घेतल्या, हळूहळू, एकेक उलटून बघत. एकही कमी निघाली नाही. "पुरं हाईत," म्हणाले, आणि कोपरीच्या खिशात घातल्या.