आबांचा न गंजणारा बाक

चहा ओता, सांगतो. पण हसायचं जरा बेतानं. कारण या फजितीत माझा बाप आहे.

आमचे आबा जाऊन वर्ष होत आलं होतं. निरगुडसरच्या अलीकडे आमचा एस्टीचा थांबा आहे, तिथल्या मोरीच्या कठड्यावर ते रोज सकाळी बसायचे. रस्त्याकडे पाठ, ओढ्याकडे तोंड. गाडी आवाजावरून ओळखायचे! गाडीची वाट बघणारा कुणीही त्यांच्या शेजारी टेकायचा आणि गाडी येईपर्यंत घरातली सगळी दुखणी सांगून मोकळा व्हायचा.

आई म्हणाली, "वर्षश्राद्धाला तिथं येक बाक बसवू. लोकं बसत्याल, त्यांचं नाव घेत्याल. मला दुसरं काय नगं."

सिमेंटचा बाक, निळा ऑइलपेंट, वर नाव. गावोगाव असतो तसा. झालं असतं की काम! पण मी पडलो पुण्यात बंगल्यांची फाटकं डिझाइन करणारा. मला कसा चालेल सिमेंटचा?

"आई, वेदरिंग स्टीलचा करू. त्याला रंग लावावाच लागत नाही. वरून गंजतं, आणि तो गंजच त्याचं कवच होतो. मग आत गंज जात नाही!"

"म्हंजी गंजल्यालं बसवायचं?"

"गंजलेलं नाही गं, मुरलेलं!"

आई उठली आणि जोरजोरात भांडी घासायला लागली. त्या आवाजाचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. तरी मी माझंच खरं केलं.

जुन्नरच्या सलीमभाईंनी बाक झकास बनवला. पाठीच्या पत्र्यात अक्षरं आरपार कापली, 'कैलासवासी आबा यांच्या स्मरणार्थ'. बाक त्या कठड्यावरच, आबांसारखाच रस्त्याला पाठ करून बसणार, म्हणून नाव रस्त्यावरून वाचता येईल असं ठेवलं.

अडचण एकच होती. हे पोलाद भिजायला हवं, सुकायला हवं, पुन्हा भिजायला हवं. असं बरेच महिने चाललं की गंज घट्ट बसतो. तोवर तो अंगाला लागतो. आणि श्राद्ध आलं होतं तोंडावर! शहाणा माणूस थांबला असता. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. मिठाचं पाणी मारा म्हणे, झटपट रंग येतो. घेतला कांद्यावर फवारायचा पंप, ओतलं मीठ, आणि सकाळ-संध्याकाळ फवारणी सुरू!

रंग काय आला म्हणता! नुसता बघत बसावं असा. पण मीठ त्या गंजाला घट्ट बसूच देत नाही, भुसभुशीत ठेवतं, हे त्या व्हिडिओवाल्यानं काही सांगितलं नाही. किंवा सांगितलंही असेल, मीच व्हिडिओ पुढे ढकलला असेल.

श्राद्धाच्या दिवशी सगळे पांढऱ्या सदऱ्यांत. पहिला मान बहिणीच्या सासऱ्यांचा, तात्यांचा. कडक इस्त्री! तात्या ऐसपैस रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आबा हितंच हायेत, राव!" मग एकेक करत सगळे बसून आले. आई लांबून बघत होती, डोळ्यांना पदर लावून. मला वाटलं, जिंकलो!

तात्या पहिल्याच पंगतीला जेवून बहिणीला घेऊन मंचरच्या बाजारात गेले. थोड्या वेळानं बहिणीचा फोन.

"दादा, काय करून ठेवलंस? बाजारात लोक मामंजींना मागून हात जोडतायत!"

"मग चांगलंय की!"

"डोंबलाचं चांगलं! त्यांच्या पाठीवर कैलासवासी लिहिलंय!"

बसायच्या बाजूनं अक्षरं उलटी होती ना? ती पाठीवर सुलटी उमटली! सगळी पाठ तांबडी, मधे पांढरीशुभ्र अक्षरं. पंगतीत समोरच्याचं तोंड दिसतं हो, पाठ कोण बघतो? मी मांडवात धावलो, तर वाढायला वाकलेला प्रत्येक माणूस कैलासवासी!

लिंबू झालं, सोडा झाला, डाग काही गेले नाहीत. बाकही घासून धुतला, पण तो रंग सोडतच राहिला. तेव्हापासून तिथं कुणी टेकत नाही.

आई एवढंच म्हणाली, "त्यांच्याजवळ माणसं बसायची रं. तू बसायची जागाच घालवली."

फार लागलं मला ते. अजून लागतं.

परवा सकाळी गावी गेलो होतो. बाक रिकामा बघवेना, म्हणून मीच जाऊन बसलो. शेजारी एक परगावचा म्हातारा काठी टेकून घोडेगावच्या गाडीची वाट बघत उभा.

"पावणं, उठा! कापडं जात्याल!" तो ओरडला. "आबा व्हता तवा त्याच्याजवळ बसल्याबिगर मी गाडीत पाय ठिवला न्हाई. आता गुडघं लई दुखत्यात, पर उभाच ऱ्हातो. त्याच्या पोरानं ह्यो उद्योग केलाय म्हणं. लई शिकल्यालं हाय त्ये."

तो पोरगा मीच, असं सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं काय?

"हो ना! काय एकेक माणसं असतात!"

बापाच्या बाकावर बसून बापाला ओळख दिली नाही हो मी! लाज वाटली आणि ताडकन उठलो.

म्हाताऱ्यानं माझ्या पाठीकडे बघून मान हलवली.

"आता उठून काय उपेग, पावणं? आधी कुनाला तरी इचारायचं व्हतं!"