माझं गलबत, तिचा समुद्र

लढाईच्या वर्षांत मी नगरला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण चित्र काढायला बसले की हात गलबताकडेच वळायचा. लोक हसायचे. इथं प्यायच्या पाण्याची मारामार आणि हिच्या कागदावर मासे! आमच्या घरात मासळीचं नाव काढायची चोरी. मी मात्र बाजारात नाकाला पदर लावून सुके बांगडे बघत उभी राहायची. कल्ले कुठं, शेपूट कशी, सगळं डोळ्यांत साठवून घरी यायचं. आई म्हणायची, कुठली अवदसा आठवली हिला.

रंग सांगायची ती शाळेतलीच माझी मैत्रीण. रत्नागिरीकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी नगरात आलेली. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ती बोलायची, मी ऐकायची. ताजा बांगडा पाठीवर हिरवा-निळा असतो, शिडं फुगतात तेव्हा दोर कसे करकरतात, हे सगळं तिच्याकडून आलेलं. सख्खी बहीण कमी पडावी इतका माझा तिच्यावर जीव होता.

त्या वर्षी चित्रकलेच्या बाईंची जागा निघाली. मला ती हवीच होती. नाही मिळाली तर कर्जतला बदली ठरलेली, म्हणजे जन्मभर पाढे घोकवणं. तपासणीला मुंबईहून मोठ्या बाई येणार होत्या. त्यांच्या स्वागताची रांगोळी माझ्याकडे आली, आणि जागा त्यांच्याच शब्दावर ठरायची होती. मैत्रिणीला विचारलं, तूही अर्ज करणार का?

"छे गो, मला कुठं चित्रं जमतात," ती म्हणाली.

दोन दिवस उकिडवी बसून मी रांगोळी भरली. फुगलेली शिडं, पुढं धावणारं गलबत, खाली बांगड्यांचा थवा, डोलकाठीवर भगवं निशाण. मदतीला ती होतीच. पुरं झाल्यावर तिला भिंतीशी उभं केलं आणि म्हटलं, तू समुद्राकाठची, काही चुकलं असेल तर आत्ताच सांग. तिनं बराच वेळ पाहिलं. दृष्ट लागेल, म्हणाली.

मोठ्या बाई वाकल्या आणि हसूच लागल्या. शिडं पुढं फुगलीत आणि निशाण मागं फडकतंय, तुमच्याकडे एका वेळी दोन वारे वाहतात का? मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. धावत्या टांग्यात बाईचा पदर मागं उडतो, तेवढंच मला ठाऊक. टांग्याला घोडा ओढतो, गलबताला वाराच ढकलतो, हे माझ्या कोरड्या डोक्यात आलंच नव्हतं.

जागा तिला मिळाली. अर्ज तिनं माझ्याही आधी दिला होता, हे शाळेच्या शिपायानं सांगितलं तेव्हा मला आधी खरंच वाटेना. मग संतापानं तडक तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. निशाण उलटं आहे हे तुला दिसलं होतं का, एवढंच विचारलं.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "तू खडूनं आखलंस, तेव्हाच."

खडूची रेघ पुसायला ओलं फडकं पुरतं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती, आणि त्या निशाणाचा भगवा रंग तिनंच मला चाळून दिला होता.