बर्फातली खुर्ची

ऑगस्टमध्ये शारजात बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. म्हणून आम्ही सासूबाईंना बर्फ दाखवायला दुबईच्या मॉलमध्ये नेलं. फ्लॅटच्या एसीतून गाडीच्या एसीत, गाडीतून मॉलच्या एसीत आणि तिथून थेट बर्फात. आमच्याकडे याला फिरायला जाणं म्हणतात.

आत सगळा आल्प्सचा थाट. लाकडी घरं, सूचिपर्णी झाडं, छताखाली साचलेलं धुकं आणि त्यातून भुरभुरणारा बर्फ. भाड्याने मिळालेल्या जाड पँटमध्ये सासूबाईंची साडी कोंबताना मला घाम फुटला. त्या मात्र निमूट उभ्या होत्या. इथे आल्यापासून त्या अशाच निमूट होत्या, चौदाव्या मजल्यावर, आमच्या मुलीची शाळा आणि डबे सांभाळत.

आईला आता कायमचं इथेच ठेवायचं, असं माझ्या नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. वडील गेल्यापासून ती चिपळूणजवळच्या गावात एकटी राहते, हे त्याला सहन होत नव्हतं. व्हिजिट व्हिसा संपत आला होता आणि सोमवारी तो तिच्या रेसिडेन्सीचे कागद देणार होता. तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, कारण त्यात माझा सरळ स्वार्थ होता. शारजाच्या पार टोकाला, हमरियातल्या ऑफिसातून मी घरी पोचायचे तेव्हा मुलीचं जेवण झालेलं असायचं. त्या गेल्या तर मला नोकरी सोडावी लागणार होती.

तारेवरून वर जाणाऱ्या खुर्च्या होत्या. पुढच्या खुर्चीत नवरा आणि मुलगी, मागच्या खुर्चीत आम्ही दोघी. अर्ध्या वाटेत गचका बसला आणि आमची खुर्ची थांबली. खाली धुकं, वर धुकं, पुढची माणसं दिसेनाशी झालेली.

"बंद पडलं का गं?"

"सुरू होईल हो आई, इन्शाल्ला."

त्यांच्या चष्म्यावर बर्फ साचत होता, तो त्यांनी पुसला नाही.

"मला घरी जायचंय," त्या म्हणाल्या. "तिथे दार उघडलं की समोर कोणीतरी असतं. भांडायला का होईना. इथे दार उघडलं की लिफ्ट."

"मग सांगा ना त्याला."

"आपल्या आईला आपलं घर नको, असं वाटेल त्याला. मनाला लावून घेईल." मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "तू सांग. तुला माझं करणं होत नाही म्हण. सुनेने पाठवलं म्हटलं की गावातही कोणी जास्त खोदून विचारत नाही."

मला असा संताप आला की उठून जायची सोय असती तर गेलेच असते. पण कमरेवर दांडा होता आणि पायाखाली काही नव्हतं.

"तुम्ही मला जड झालात, असं मी कधी वागले का?"

"नाही वागलीस. म्हणून तर तुला सांगतेय."

खुर्ची पुन्हा सुरू झाली.

वर कॅफेत नवरा खुशीत होता. "सोमवारी पासपोर्ट दिला की काम खलास. मग दर रविवारी बर्फ. काय आई?"

"तुझ्या मनासारखं कर," त्या आपल्या गरम चॉकलेटच्या कपाकडे बघत म्हणाल्या.

मला माझं ऑफिसातलं टेबल आठवलं. किती वर्षांनी खिडकीजवळचं मिळालं होतं. फार वाईट वाटलं, अगदी रडकुंडीला आले. तरी मी बोलले.

"पासपोर्ट देऊ नकोस. आई कायमच्या राहिल्या तर मला जमणार नाही."

नवऱ्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग बघायचंच सोडलं.

"मम्मा, दॅट्स सो मीन," मुलगी म्हणाली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. निदान आता तरी त्या काहीतरी बोलतील, अशी मला वेडी आशा होती. त्या जाकिटाच्या आत पदर शोधत होत्या. तो सापडेना, तेव्हा हातमोज्यानेच त्यांनी डोळे टिपले.

"असू दे रे," त्या मुलाला म्हणाल्या. "तिलाही तिचा संसार आहे."

हे त्या इतकं खऱ्यासारखं बोलल्या की मीच त्यांना घालवतेय, यावर क्षणभर माझाही विश्वास बसला. मग त्यांनी चॉकलेटचा कप उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला.