एकाच गाडीतले चौघे

निलंगा-लातूर गाडीच्या कंडक्टरबाई सीटच्या दांडीवर तिकिटाचं मशीन ठोकत माणसं मोजतात. औशाच्या अलीकडे पेट्रोलपंप आला की माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघतात, बेल मारतात आणि मोठ्यानं म्हणतात, "थांबा जरा, टायर बघू द्या." लोक टायरकडे बघतात, मी पंपाच्या संडासाकडे पळतो.

माझ्या आतड्याला सूज आहे, जखमा होतात, रक्त पडतं. एका डॉक्टरनं दोन वर्षं मूळव्याधीची औषधं दिली. म्हणे, हा आजार परदेशी लोकांचा, आपल्याकडे कुठला! ती दोन वर्षं मी त्याला माफ केलेली नाहीत.

परवा लातूरला उतरताना बाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या. "परदेशी? काका, ह्याच दुखण्याची फाईल घेऊन येणारे माझ्या एका गाडीत तुम्ही धरून चौघं हायत!"

कोण असतील? काय खात असतील? तुरीच्या सौद्यात भाव उतरवावा तशी मी माझी मागणी पायरी पायरीनं खाली आणली. "नाव सांगा. बरं, गाव सांगा. शेतकरी हाय का नोकरीवाला, तेवढं तरी?"

"न्हाई."

मी भडकलो. "अहो, माझ्या कामाचं हाय!"

"त्यातल्या दोघांनी तुमचं नाव इचारलंय, काका. त्यांनाबी न्हाई सांगितलं."